डाव्या चाकाचा नारळ

ब्रेक दाबला की आमची हळद वाहणारी पिकअप थरथरायची. वडील गेल्यापासून ती भाऊ चालवतो. पुढच्या दोन्ही चाकांच्या ब्रेक डिस्क बदलायला आम्ही ती कनेरगाव नाक्यावर मिस्त्रीचाचांच्या गॅरेजात नेली. उजवं चाक मुकाट उघडलं. डाव्या चाकाचा हब, म्हणजे मधला लोखंडी तुंबा, मात्र गंजून असा जाम झाला होता की त्याच्यामागची डिस्क हाती लागेना. डिझेल ओतलं, घण घातला, शेवटी गॅसनं तापवलं. अर्धा दिवस तिथंच गेला आणि माझं डोकं फिरलं.

मिस्त्रीचाचा घाम पुसत म्हणाले, "बाई, या एकाच चाकात काहून पाणी मुरवून राहिले तुमी? बाकीचे बराबर हायेत."

आम्ही कशाला मुरवू, असं फाडकन म्हणणार होते, तेवढ्यात आठवलं. दर दसऱ्याला वडील गाडी धुवायचे, हळदकुंकू वाहायचे आणि दारासमोर येणाऱ्या या डाव्या चाकावरच नारळ फोडून सगळं पाणी हबवर ओतायचे.

"अवो, लेकरांना घोटभर तरी ठेवा," आई ओरडायची.

"आधी तिला पाजू दे. आपलं पोट तीच ओढून राहिली."

हब निघाला, तेव्हा आतून लाल चुरा सांडला. चाचांनी तो फडक्यानं पुसून टाकला.

यंदाच्या दसऱ्याला भावानं मला बजावलं, "पाणी चाकावर नको हं."

मी नारळ फोडला, लेकरांना घोटघोट दिला आणि उरलेलं पाणी डाव्या चाकावर ओतलं.

"गंजलं तर गंजू दे," मी म्हटलं, "परत काढू."