शुभांगीताईंचे नाव यादीत का नव्हते

मी व्यंकट भुसारे. वय छप्पन्न, बी.कॉम. नांदेडच्या एका ड्रोन फवारणी कंपनीत प्रशासन पाहतो.

आमच्या संस्थापक शुभांगीताई भरदुपारी गाडी चालवताना झोप लागून गेल्या. आज वर्ष झाले.

त्या अपघातात माझा वाटा आहे. तो आजवर कोणी बोलून दाखवला नाही, म्हणून मीच लिहितो आहे.

याआधी लातूरच्या डाळमिलमध्ये मी अठ्ठावीस वर्षे मस्टर ठेवले. ताई उमरीकडच्या शेतकरी घरातल्या, इंजिनिअर. मला कामावर घेताना म्हणाल्या, "काका, सॉफ्टवेअरवाले मिळतात हो. शिस्तीचा माणूस मिळत न्हाई."

आमचे पायलट गावोगाव जाऊन पिकांवर ड्रोनने फवारणी करतात. किती तास उडवले, किती तास गाडी चालवली, किती झोपले, हे त्यांनी रोज मोबाइलवर भरायचे. ऑफिसच्या स्क्रीनवर सर्वांची नावे दिसत.

मला वाटले, ही व्यवस्था कामचोर पकडण्यासाठी आहे.

पहिल्याच महिन्यात मी एक पकडला. मारुती, किनवटचा. त्याची फवारणी सर्वांत कमी. मेमो टाइप करून ताईंच्या टेबलावर ठेवला.

ताईंनी मेमो वाचला नाही. स्क्रीनवरचा दुसरा रकाना उघडला.

"काका, ह्यो कामचोर कुठं हाय? ह्यो तर दिवसभर गाडीवरच हाय. जंगलातली गावं दिलीत त्याला, एक इकडं, एक तिकडं."

त्यांनी गावांची वाटणी बदलली. हंगाम संपेपर्यंत मारुती पहिल्या तिघांत आला.

त्या मेमोची लाज मला अजून वाटते.

मग ताईंनी नियम केला. उड्डाण आणि ड्रायव्हिंग मिळून ठरलेल्या तासांपुढे गेले, की नाव लाल. नाव लाल झाले, की गाडीची चावी माझ्या ड्रॉवरमध्ये आणि माणूस घरी. पगार चालू.

पोरं सुरुवातीला चिडली. नंतर चेष्टा करू लागली.

"काका, बायको मला म्हणून राहिली, लाल होऊन घरी या की एखाद्या दिवशी!"

आमच्या बरोबरीने सुरू झालेल्या दोन कंपन्या याच जिल्ह्यात बंद पडल्या. ड्रोन त्यांच्याकडेही होते. माणसे टिकली नाहीत. आमचा एकही पायलट सोडून गेला नाही. कंपनी कशामुळे उभी राहिली असे कोणी विचारले, तर माझे उत्तर हेच आहे.

आता माझी चूक.

नियम लागू झाला त्याच आठवड्यात ताई म्हणाल्या, "काका, यादीत माझं बी नाव टाका."

"ताई, मालकाची हजेरी घेत नसतात."

"मी बी गाडी चालवते की."

"तरी पण. अठ्ठावीस वर्षांत मी मिलच्या शेठजींची सही कधी घेतली नाही. उद्या पोरं तुमचं नाव लाल बघतील. ते शोभत नाही."

त्या हसल्या. "लई जुने आहात तुम्ही. राहू द्या मग."

मी त्यांचा मान राखला, असे मला वाटले. त्या दिवशी घरी जाऊन बायकोलाही सांगितले.

पायलट लाल झाला, की त्याच्या गावांना ताई स्वतः जात. शेतकऱ्याला शब्द दिलेला असे. पायलटची विश्रांती स्क्रीनवर दिसे. त्याचे काम कोणाच्या अंगावर पडले, ते दिसत नसे.

गेल्या हंगामात पाऊस उघडला आणि सगळीकडून एकदम मागणी आली. एकापाठोपाठ तिघे लाल झाले. तिसरा मारुती.

चावी जमा करताना तो दारातच थांबला.

"काका, ताई बसल्या बसल्या पेंगून राहिल्या. त्यांला बी लाल करा की."

मी म्हणालो, "त्या स्टाफमध्ये येत नाहीत."

हेच शब्द. मला ते बदलून लिहिता येणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी ताईंनी मारुतीच्या गाडीची चावी मागितली. मी ड्रॉवर उघडून हातात दिली. इतरांकडून चावीच्या वहीत सही घेतो. त्यांची घेतली नाही.

किनवटची गावे आटोपून परतताना गाडी सागाच्या झाडावर गेली. ब्रेक लागल्याची खूण रस्त्यावर नव्हती.

तेराव्यानंतर मी त्यांचे फोन, गाडीच्या नोंदी, उड्डाणाच्या वेळा घेऊन बसलो आणि आमचाच नियम त्यांना लावून पाहिला.

त्यांची चावी नऊ दिवस आधी काढून घ्यायला हवी होती.

आता यादीत सर्वांची नावे आहेत. नव्या संचालकांचे पहिले, माझे शेवटचे. नांदेड-लातूरकडे जे तरुण नवे काही उभारत आहेत, त्यांनी आपले नाव यादीत घालावे. माझ्यासारखा कोणी आदराने नको म्हणाला, तरी घालावे.

गेल्या महिन्यात उमरीला जाऊन हे सारे ताईंच्या वडिलांना सांगितले. सारे ऐकून अण्णा म्हणाले,

"तुमी मान ठिवला, साहेब. आमी बी तेच केलं. घरची कर्ती म्हणून तिला कुणी बस म्हणलं न्हाई."

मग विचारले, "ज्याच्या जागी गेल्ती, त्यो पोरगा कसा हाय?"

"कामावर येतो. बोलत नाही फारसा."

"वर्साला घेऊन या त्याला. म्हणावं, अण्णा वाट बघून राहिलेत."

आज मारुतीला घेऊन आलो आहे. पंगत बसली आहे. तो अजून चप्पल न काढता फाटकापाशी उभा आहे, आणि अण्णा त्याचा हात धरून उभे आहेत.

ताई, अखेरचा नमस्कार.

व्यंकट भुसारे
उमरी, जि. नांदेड
ताईंच्या वर्षश्राद्धाचा दिवस