खंडेनवमीची बशी

अप्पांनी चहा सोडला, त्या आठवड्यात आमच्या घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही.

धारवाडला केलगेरीच्या बाजूला आमचं घर. वकिली सोडून घरी बसलेले अप्पा, आई आणि मी. मी मुलींच्या शाळेत ड्रॉइंग शिकवायची. लग्न केलेलं नव्हतं, आणि लोकही तो विषय काढून काढून थकले होते. थोरला भाऊ अण्णा वीज खात्यात, राहायला हुबळीत. रविवारी आमच्याकडे यायचा, जेवायचा, सगळ्यांना सल्ले द्यायचा आणि जायचा.

अप्पांच्या हातांना कंप सुटला होता. गोळ्या चालू होत्या, त्यांचा उपयोग एवढाच की अप्पांना दुपारी गाढ झोप लागायची. एके सकाळी कोर्टातले त्यांचे जुने शिरस्तेदार मित्र नेहमीसारखे व्हरांड्यात येऊन बसले. आईनं दोघांना चहा दिला आणि अप्पांचा सगळा चहा धोतरावर सांडला. शिरस्तेदारांनी आपल्या खांद्यावरचा पंचा काढून पुढं केला. दुसऱ्या दिवशी ते फाटकाशी दिसताच अप्पा आत आले आणि मला म्हणाले, "झोपलेत म्हणून सांग."

त्या दिवसापासून चहा बंद. कारण काय, तर पित्त होतं! उभ्या जन्मात या माणसाला पित्त माहीत नव्हतं.

आईनं चमच्यानं पाजून बघितलं. अप्पांनी तोंड फिरवलं. स्टीलच्या वाटीत दिला, तर बोटं भाजली. मी जुन्या हुबळीत जाऊन मोठ्या कानाचा प्लॅस्टिकचा मग आणला. अप्पांनी तो लांब धरून बघितला आणि म्हणाले, "हा दाढीचा मग आहे." झालं. तो मग न्हाणीत गेला.

तेव्हा मी म्हटलं, मीच करते. अप्पांच्या हातात बसेल असा कप मी स्वतः करते. हे बोलायला मला काय अवदसा आठवली होती कुणास ठाऊक.

तसं परसात माझं सगळं सामान होतंच. खानापूरकडे एका सुट्टीत चिनी मातीच्या भांड्यांचं शिबिर झालं होतं, तिथून मी वेडी होऊन परतले होते. अण्णानं मला आगविटांची, विजेच्या तारांची छोटी भट्टी बांधून दिली होती. पायानं फिरवायचं चाक होतं. आजवर मी फुलदाण्याच केल्या होत्या आणि त्या नातेवाइकांच्या लग्नांत खपवल्या होत्या. कुणाच्या घरी गेले की माझी फुलदाणी कपाटामागं दिसायची, पण तो राग वेगळा.

कप करायला घेतला आणि कळलं की फुलदाणी म्हणजे पोरखेळ. चिनी माती हा एक नंबरचा खुनशी पदार्थ आहे. साध्या कुंभाराच्या मातीला प्रेमानं समजावता येतं. ही दिसायला लोण्यासारखी, आणि मनात सगळं धरून ठेवणारी. चाकावरून कप उचलताना बोटाचा जरा दाब पडला, तो वाकडा झाला, तुम्ही लगेच हळूच दाबून सरळ केलात, वाळल्यावरही तो अगदी सरळ दिसला, तरी भट्टीतून बाहेर येताना तो पुन्हा तसाच वाकडा होऊन येतो. जिथं दाबलं होतं तिथंच, तेवढाच. सगळ्या गावातल्या भाऊबंदक्या एकत्र केल्या तरी इतका दीर्घद्वेष सापडणार नाही.

मग कान. मला चारही बोटं आत जातील असा मोठा कान हवा होता. मोठा कान जड, जड कान वाळताना जोडाशी तडकतो. तडकला नाही तर कपालाच आपल्याकडे ओढतो आणि गोल कपाचं तोंड लांबट होतं. मी शाळेतून यायची, ओल्या फडक्याखालचे कप बघायची आणि आईवर ओरडायची. आईचा काही संबंध नसायचा.

"माझ्यावर कशाला गं?" आई म्हणायची. "मी काय कान पिळलेत त्यांचे?"

वर मला नक्षीची हौस. साधा पांढरा कप अप्पांना द्यायचा, हे मला पटेना. आई इरकलीवर कशिदा काढायची. गोपुर, तुळशीवृंदावन, रथ, सगळं धागे मोजून. मी ठरवलं, कपावर निळ्या रंगात कशिद्याचं गोपुर काढायचं. एकदा भाजलेला, झिलई न दिलेला कप रंग टिपकागदासारखा पितो. रेघ चुकली की चुकली. आणि कशिदा चालतो धाग्यांच्या हिशेबावर, कपाला धागे कुठले? गोल पोटावर सरळ टाके काढता काढता माझं गोपुर एका बाजूला कलायचं. आई चष्मा लावून बघायची आणि म्हणायची, "पाया मोकळा सोडलाय. पडतंय बघ की." मी ओल्या फडक्यानं सगळं पुसायची, की कपावर निळा डाग राहायचा.

हे सगळं एक वेळ सोसलं असतं. पण भट्टी तापेना. चिनी माती पुरती भाजायला जेवढी आच लागते, तिथवर पोचायच्या आधीच व्होल्टेज गळून पडायचं. मी भट्टी लावली की आळीतले दिवे मिणमिणायचे आणि शेजारची बाई कुंपणावरून विचारायची, "अक्कारे, भट्टी हच्चीरेन्री?" भट्टी लावली का, हे विचारण्यात चौकशी कमी आणि शिवी जास्त असायची. भट्टीत आच कळण्यासाठी मातीचे छोटे शंकू ठेवतात. हवी तेवढी आच झाली की शंकू मान टाकतो. भोकातून बघायचं, शंकूची मान पडली की बंद करायचं. माझे शंकू ताठ. तासन् तास ताठ. वीज खात्यात सख्खा भाऊ असून ही दशा! अण्णाला बोलले, तर तो म्हणाला, "गिरण्या, कारखाने सगळे चालू असतात. तुझ्या कपासाठी हुबळी बंद ठेवू काय?"

त्याच्या या बोलण्यातूनच मला ते सुचलं. हुबळी बंद असते की! खंडेनवमीला असते. त्या दिवशी सगळी यंत्रं धुऊन पुसून, कुंकू-फुलं वाहून बंद ठेवतात. कुणी लेथ चालवत नाही की गिरणी. शाळेलाही सुट्टी. मी कप रचून तयार ठेवले.

खंडेनवमीला सकाळी आईनं विळी, पावशी, अप्पांच्या कायद्याच्या पुस्तकांची पूजा केली. मग परसात जाऊन माझ्या भट्टीला कुंकू लावलं आणि झेंडूची माळ घातली. मी ती माळ काढून बाजूला ठेवली आणि बटण दाबलं.

"अगं, आज तिला विश्रांती असते," आई म्हणाली. "आज अप्पा पेनचं टोपणसुद्धा काढत नाहीत."

"वर्षभर विश्रांतीच घेतीय ती," मी म्हटलं.

व्होल्टेज झकास होतं. पण मला सवय रडक्या व्होल्टेजची. शंकू पडायला संध्याकाळ होणार, हे धरून मी आत गेले, पुरणाची होळिगे खाल्ली, त्यावर तूप घेऊन आणखी एक खाल्ली आणि जरा आडवी झाले. उठून भोकातून बघितलं, तर आत डोळा ठरेना इतकं पांढरं. शंकू नुसते वाकले नव्हते, पालथे पडून फळीला चिकटले होते. इतके दिवस कमी आचेच्या नावानं रडले, आणि आच आली तेव्हा मी तूप-होळिगेवर झोपले होते. बटण बंद केलं आणि तिथंच पायरीवर बसून मी स्वतःला दोन्ही भाषांत शिव्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी दसरा. सगळं गाव एकमेकांना सोनं म्हणून बन्नीची पानं देत घेत होतं आणि मी भट्टीत डोकं घालून बसले होते. खालच्या फळीवरचे कप एकमेकांच्या गळ्यात पडून चिकटले होते. रंगाची चाचणी म्हणून एक बशी ठेवली होती, तिच्यावर नुसते निळे फराटे मारलेले. जागा नव्हती म्हणून ती चुलीच्या तीन दगडांसारख्या विटेच्या तीन तुकड्यांवर टेकवली होती. ती मधोमध खचून पार फळीला टेकली होती. काठ तीन ठिकाणी वर, तीन ठिकाणी खाली. जिथं विटेवर टेकली होती तिथं झिलई नव्हती, खालून नुसता खरखरीत ठिपका. मी ती आईच्या पुढ्यात टाकली. आईनं ती वाती ठेवायला घेतली.

पण वरच्या कोपऱ्यात एक कप शाबूत होता. गोल, पांढराशुभ्र, चार बोटांचा कान आणि सरळ उभं असलेलं निळं गोपुर. मी तो धुऊन, पुसून पदरात धरून आणला. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं होतं.

आईनं आलं घालून चहा केला. अप्पांनी कप बघितला, गोपुरावर बोट फिरवलं, "चंद अद," म्हणाले. म्हणजे छान आहे. त्यांनी चार बोटं कानात घातली. हात थरथरत होता, पण कप पकडीत होता. कप वर आला. अप्पांनी डावा हात पुढं केला, रिकामा, तळवा वर. आणि कप त्या तळव्यावर ओतला!

ते बशी धरत होते. नसलेली बशी.

आईनं ओल्या पंच्यानं हात पुसला, तेल लावलं. अप्पांना ओशाळं झालं, "सवय," म्हणाले आणि उठून आत गेले. मी मात्र तिथंच बसून राहिले. जन्मापासून या माणसाला चहा पिताना बघत आले. कपाला त्यांचे ओठ कधी लागले नाहीत. कपातून बशीत ओतायचा, फुंकायचा, बशीतून फुर्र करून प्यायचा. आमच्याकडे त्यांच्या पिढीतलं कुणीच कप तोंडाला लावत नाही. कप म्हणजे त्यांच्या लेखी किटलीच. आणि मी, डोळे उघडे ठेवून बघायला मुलींना शिकवणारी बाई, किटलीवर गोपुरं काढत बसले होते. असा संताप आला की तो कप भिंतीवर फोडावा. फोडला नाही, कारण गोपुर सरळ होतं.

दुसऱ्या सकाळी मी चाकावर बशी करायला बसले होते. एवढ्यात आतून आवाज आला. फुर्र. मग थोडं थांबून पुन्हा, फुर्र.

आईनं त्या खचलेल्या बशीतल्या वाती काढल्या होत्या, ती गरम पाण्यानं धुतली होती, आणि तळाशी थोडा चहा सरळ पातेल्यातूनच ओतून अप्पांच्या पुढं ठेवली होती. अप्पांनी दोन्ही हातांनी ती उचलली होती. अंगठे काठाच्या खोलगट जागी आणि बोटं त्या खरखरीत ठिपक्यांवर, घट्ट. हात थरथरत होते. चहा बशीच्या पोटात डुचमळत होता, पण काठापर्यंत येत नव्हता.

मला आनंद झाला का? झाला. पण आधी राग आला. इतके महिने मी जे जे नीट केलं त्यातलं एकही कामाचं नव्हतं, आणि जे आडवी पडून बिघडवलं तेच तेवढं कामाला आलं.

त्या आठवड्यात अप्पांनी शिरस्तेदारांना आपणहून निरोप धाडला. दोघं व्हरांड्यात बसले. शिरस्तेदारांना मी मुद्दाम गोपुराच्या कपात चहा दिला, खाली बाजारची बशी. त्यांनी गोपुराकडे ढुंकूनही न बघता चहा बशीत ओतला. त्यांचं सगळं लक्ष अप्पांच्या दोन्ही हातांतल्या त्या थेराकडे.

"इदेन्री वकीलरे?" हे काय, त्यांनी विचारलं.

"ही होय? मुलीनं केलीय," अप्पा म्हणाले. "नवी तऱ्हा आहे. आता अशाच वाकड्या करतात, मुद्दाम."

शिरस्तेदारांनी मान डोलवली. मग दाराआड उभ्या असलेल्या माझ्याकडे वळून म्हणाले, "यवा, नमगू ओंद माडिकोड." मलाही एक करून दे.

मी दात आवळून हो म्हटलं. आणि पुन्हा माती भिजवली. विटेचे तेच तीन तुकडे, तेवढीच जाड बशी. पण व्होल्टेज पुन्हा रडकं. शंकू ताठ, बश्या सपाट. एकेक अशी नीटस, सरळ, की दुकानात ठेवावी! त्या सरळ बश्यांची थप्पी घेऊन मी अप्पांसमोर आदळली.

"तुम्ही त्यांना मुद्दाम म्हणून कशाला सांगितलं?" मी ओरडले. "ती बिघडलेली होती! मला तशी पुन्हा येत नाही."

अप्पांनी आपली बशी दोन्ही हातांनी खाली ठेवली. सावकाश, आवाज न करता.

"बिघडलेली आहे हे मला दिसतं की," ते म्हणाले. "पण त्याला काय सांगू? हात वाकडा चालतो म्हणून? त्यापेक्षा बशी वाकडी."

मी सरळ बश्या उचलल्या आणि आत नेऊन ठेवल्या. खंडेनवमी यायला अजून बराच अवकाश होता.