डावा कौल आणि माझी सही

बाळांनो,

माझ्या ऑपरेशनच्या कागदावर आजोबांनी सही केली नाही, असे तुमच्या आईने तुम्हाला सांगितले. ते खरे आहे. पण मागच्या रविवारी फोनवर, धाकटे, तू विचारलेस, "म्हणजे आजोबांना तू नको होतीस का?" फोनचा आवाज मोठा होता आणि आजोबा शेजारच्याच खोलीत होते. ते उठून अंगणात गेले आणि सकाळी पाणी घातलेल्या कुंड्यांना पुन्हा पाणी घालू लागले. म्हणून हे लिहिते आहे. मी बत्तीस वर्षे मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवले, अर्धवट उत्तराला कधी पूर्ण गुण दिले नाहीत. हे पत्र इंग्रजीत लिहिले असते तर तुम्हाला सोपे गेले असते, पण यातली सगळी माणसे मराठीत बोलली आहेत. अडेल तिथे आईला विचारा.

आधी कौल म्हणजे काय ते सांगते. आजोबांचे गाव गारगोटीच्या पुढे, डोंगराच्या कुशीत आहे. तिथल्या ग्रामदैवताला विचारल्याशिवाय या घराण्यात मोठे काम होत नाही. देवाची मूर्ती काळ्या पाषाणाची. गुरव मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर भिजवलेली एकेक कळी चिकटवतो आणि प्रश्न मोठ्याने घालतो. मग सगळ्यांनी गप्प बसायचे. उजवी कळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. माझ्या लग्नाचा कौल झाला होता. माझ्या नोकरीचा झाला, या घराच्या पायाचा झाला, तुमच्या आईच्या परदेशी जाण्याचाही झाला. हे सगळे उजवे.

मी ज्या घरातून आले तिथे असले काही नव्हते. माझे वडील मास्तर होते आणि त्यांच्या टेबलावर इंग्रजी पुस्तके असत. लग्न ठरताना कौलाची गोष्ट कानावर आली तेव्हा ते हसून म्हणाले, "कळी देव पाडत नाही, तिचं वजन पाडतं. ज्या कळीखालचं पाणी आधी सुकेल ती आधी पडेल." हे वाक्य मी माहेराहून सोबत आणले आणि जपून ठेवले. देवळात हात जोडून उभी असताना ते मनात म्हणायचे आणि आपण इतरांपेक्षा वेगळ्या आहोत असे समाधान मानायचे. हात मात्र जोडलेलेच असायचे.

गेल्या वर्षी, दिवाळी होऊन गेल्यावर, एके सकाळी तव्यावर भाकरी टाकली आणि मला अंधारी आली. शुद्धीवर आले तेव्हा भाकरीचा कोळसा झाला होता आणि आजोबा माझ्या तोंडावर पाणी मारत होते. तपासण्या झाल्या. हृदयाची एक झडप अरुंद झाली होती. सर्जन तरुण होते, स्पष्ट बोलणारे. म्हणाले, "आजी, ऑपरेशनला धोका आहे. पण थांबण्यात त्याहून जास्त आहे. पुढच्या गुरुवारी करू."

बाहेर आल्यावर आजोबा म्हणाले, "रविवारी गावाकडं जाऊन येऊ."

कशासाठी ते विचारायची गरज नव्हती. मी "बरं" म्हटले. इतक्या वर्षांच्या सवयीने म्हटले.

रविवारी देवळात आम्ही चौघेच होतो. आजोबा, मी, गुरव आणि माझी थोरली जाऊ. तिला मी आक्का म्हणते. ती गावातच राहते, चार म्हशी सांभाळते आणि अजून मला नवी नवरी समजून दम देते. गुरवाने मोबाइल बंद करून कोनाड्यात ठेवला, पंखा बंद केला, कळ्या लावल्या आणि देवाला म्हणाला, "ह्या लेकराच्या काळजाचं काम हाय. कापून बरं हुणार असलं तर उजवं दे. न्हाईतर डावं देऊन आडव."

आम्ही बसलो. पंखा बंद असल्यामुळे गाभाऱ्यात कोंदट झाले होते. बराच वेळ काहीच हलले नाही. मग उजवी कळी थोडी घसरली. आक्काने माझा दंड धरला. कळी बोटभर खाली येऊन तिथेच थांबली. माझी नजर तिच्यावरून हटेना. वडिलांचे वाक्य मनात म्हणून पाहिले, पण त्याने काही झाले नाही. एवढ्यात डावी कळी पडली. कुठली हालचाल नाही, काही नाही, सरळ पडली.

"आरं देवा," आक्का म्हणाली. आणि लगेच, "गुरव, पुन्यांदा लावा. शबुद चुकला असंल तुमचा."

"शबुद न्हाई चुकला, आक्का."

"मग देवाचं उजवं कुठलं? त्यो आपल्याकडं तोंड करून बसलाय. म्हंजे त्याचा उजवा हात आपल्या डाव्या अंगालाच की!"

गुरवाला हसू आवरेना. "आक्का, जन्मभर कौल बघितलासा, आणि देवाचा उजवा हात आजच दिसला व्हय तुमाला?"

"दिसला तर दिसला! पोरीच्या जिवाचा प्रश्न हाय!"

आजोबा उठले. "देवाला दोनदा इचारत न्हाईत, वैनी," एवढेच म्हणाले आणि चपला घालायला बाहेर गेले.

आता जे सांगते ते आजपर्यंत मी कोणालाच सांगितलेले नाही. डावी कळी पडली त्या क्षणी मला सुटल्यासारखे वाटले. भीती नंतर आली. आधी वाटले ते हेच, की आता छाती उघडायला नको, मशीनवर पडायला नको, आपण कशालाही नाही म्हटलेले नाही, देवाने म्हटले आहे. गाडीत बसल्यावर ही सुटका मला टोचू लागली, कारण ती ओळखीची होती.

लग्नानंतर काही वर्षांनी मला पुण्याला जाऊन एम.ए. करायचे होते. प्रवेश मिळाला होता. तुमची आई तीन वर्षांची होती आणि सासूबाई तिला सांभाळायला तयार होत्या. फक्त कौल घ्यायचा राहिला होता. तो डावा पडला. मी गेले नाही. पुढे आयुष्यभर, विशेषतः सहकारी शिक्षिकांना, मी सांगत आले की सासरच्या जुन्या समजुतींनी माझे शिक्षण अडवले. ऐकणाऱ्यांना माझी दया यायची आणि मला ती आवडायची. पण त्या दिवशी देवळातही मला असेच सुटल्यासारखे वाटले होते. पुण्यात एकटीने राहायची, माझ्याहून हुशार मुलींसमोर उभे राहायची मला भीती वाटत होती. मी रडले, ओरडले, वडिलांना बोलावून घेतले असते तर कदाचित जाता आले असते. मी यातले काहीही केले नाही. ज्या कौलावर माझा विश्वास नव्हता, त्याच्यामागे जाऊन मी लपले होते.

विश्वास नव्हता, असे तरी कसे म्हणू? आजोबांना कौल त्यांच्या आईकडून मिळाला आणि मला त्यावरचा अविश्वास वडिलांकडून. दोघांनीही आपापला वारसा न तपासता वापरला. त्यातल्या त्यात आजोबांनी त्यांचा पाळला तरी.

सोमवारी सकाळी मी त्यांना म्हटले, "मी ऑपरेशन करून घेणार आहे."

ते वर्तमानपत्र वाचत होते. खाली ठेवले नाही. "कौल डावा हाय."

"मला माहीत आहे. मी तिथेच होते."

"मग?"

"मग काही नाही. तरी करणार आहे."

वर्तमानपत्र खाली आले. आजोबांना तुम्ही नेहमी शांत पाहिले आहे. त्या दिवशी त्यांचा आवाज शेजारी गेला असेल. "आईनं, आज्ज्यानं मोडला न्हाई, आणि तू मोडणार व्हय? लई शिकलीस म्हणून?"

मीही चिडले. आजोबांची सगळी नोकरी शिरोली एमआयडीसीत, फाउंड्रीत गेली. वितळलेले लोखंड साच्यात कधी ओतायचे हे ते नुसत्या रंगावरून सांगत आणि त्यांचा शब्द चुकत नसे. मी म्हटले, "फाउंड्रीत भट्टीसमोर उभं राहून कधी कौल लावलात? तिथे कसं स्वतःच्या डोळ्यांवर भागलं?"

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग आवाज एकदम खाली आला. "लोखंड माझ्या हातातलं हुतं. तू माझ्या हातातली न्हाईस."

धाकटे, तुझ्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. पण मीही मागे हटले नाही, आणि तेही हटले नाहीत. त्या दिवसापासून घरात चहा, पाणी, जेवण एवढेच शब्द उरले.

मंगळवारी तुमच्या आईचा फोन आला. तिला आजोबांकडून कळले होते आणि ती भडकली होती. "आई, तू आता काही विचार करू नकोस. मी डॉक्टरांशी बोलले आहे, बाबांशी मी बघते, गुरुवारी ऑपरेशन होतंय म्हणजे होतंय. तू फक्त जाऊन झोप."

ती माझ्याच बाजूने बोलत होती. तरी ऐकताना मला वाटले, ही तिसरी. देवाने ठरवले, नवऱ्याने ठरवले, आता मुलगी ठरवते आहे. मी म्हटले, "तू सांगतेस म्हणून मी जाणार नाही."

"म्हणजे? जाणार नाहीस?"

"जाणार आहे. पण तू सांगतेस म्हणून नाही."

"आई, याने काय फरक पडतो?" ती वैतागून म्हणाली. फोन ठेवल्यावर मी एकटीच बसले आणि शाळेत वेळापत्रक आखायचे तशी दोन बाजूंना कारणे लिहायला घेतली. लिहून झाले. वाचले. कागद पूर्ण भरला, भीती मात्र तशीच राहिली. मला मरायची भीती वाटत होती, आणि त्याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे डाव्या कौलाची भीती वाटत होती. ती जाईपर्यंत थांबले असते तर गुरुवार निघून गेला असता. तेव्हा भीतीसकटच जायचे, एवढे त्या दुपारी ठरले.

बुधवारी मी दवाखान्यात भरती झाले. आजोबा सोबत आले, पिशवी त्यांनीच उचलली. संध्याकाळी नर्स कागद घेऊन आली. धोके एकेक करून वाचून दाखवले. मृत्यू हा शब्दही त्यात होता. "आजी, इथं तुमची सही. आणि इथं आजोबांची, नातेवाईक म्हणून."

मी पेन घेतले. हजारो प्रगतिपुस्तकांवर सह्या केलेला हात, पण पहिले अक्षर वाकडे आले. सही केली आणि पेन आजोबांपुढे धरले. त्यांनी ते घेतले नाही.

"माझ्या हातानं हुणार न्हाई," ते म्हणाले. "आडवणार न्हाई. पण सही मागू नको."

नर्स गोंधळली. म्हणाली, "पेशंट शुद्धीत आहे म्हणजे त्यांची सही मुख्य. पण आमच्या पद्धतीनं दुसरी कोणाची तरी लागतेच."

दारातून आवाज आला, "आण हिकडं."

आक्का होती. एसटीने एकटी आली होती, हातात दुधाची किटली. तिने पदराने हात पुसले आणि पेन मुठीत धरले.

आजोबा म्हणाले, "वैनी, तुमी? कौल तुमीबी बघितलासा की."

"बघितला. देवानं मला न्हाई सांगितलं, हिला सांगितलं. त्यानं सांगितलं, हिनं ऐकलं, आता काय करायचं ते हिचं ही बघंल." मग माझ्याकडे वळून, "आणि मेलीस तर माझ्या नावानं बोंबलायचं न्हाई, सांगून ठेवते!"

नर्स खुदकन हसली. मीही हसले. आक्काने जीभ दाताखाली धरून एकेक अक्षर कोरले. त्याला पाच मिनिटे लागली. आजोबा खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

ऑपरेशन नीट झाले, नाहीतर हे पत्र आले नसते. पण तो कौल खोटा असल्याचा पुरावा समजू नका. नंतर ताप आला, मला दोन आठवडे जास्त राहावे लागले. आजोबांच्या मते तो कौल होता, माझ्या मते जंतू. यावर आमचे आजही एकमत नाही. आणि मी गेले असते, तरी माझी सही चुकीची ठरली नसती. हे तुम्हाला आत्ता पटणार नाही. आईलाही पटलेले नाही.

गुरुवारी सकाळची गोष्ट सांगून थांबते. मला ट्रॉलीवर घेतले होते. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी दवाखान्यातल्या मावशींनी ट्रॉली क्षणभर थांबवली. आजोबा जवळ आले. त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. गावच्या देवाचा अंगारा होता. चिमटीत घेतला, माझ्या कपाळापाशी हात आणला आणि तिथेच थांबवला. त्यांनी आजवर कितीदा तरी मला अंगारा लावला असेल, कधी विचारल्याचे आठवत नाही.

"लावू का?" त्यांनी विचारले.

मी खरोखरच विचार केला. मावशी घड्याळाकडे बघत होत्या.

"नको," मी म्हटले. "हात धरा."

चिमटीतल्या अंगाऱ्याचे काय करावे हे त्यांना क्षणभर कळेना. मग त्यांनी तो स्वतःच्या कपाळाला लावला आणि त्याच राखेच्या बोटांनी माझा हात घट्ट धरला. ट्रॉली हलली तरी सोडला नाही. मावशींना दोनदा सांगावे लागले.

तुमची,
आजी