मॅडमला सुकेळी आवडली

एजंटची गाडी निर्मळ गावात आमच्या वाडीच्या तोंडाशी उभी होती आणि आई माझ्या बॅगेत सुकेळी कोंबत होती. आमच्याच राजेळी केळ्यांची, तिनं स्वतः उन्हात वाळवलेली. "मॅडमला पन दे गो. तिच्याच घरात राहायचंय तुला," ती म्हणाली. रेजिना, तू शेजारच्या अंगणातून हात हलवत होतीस. मला तुझी कीव आली होती, तू मागे राहणार म्हणून. काय तो माझा शहाणपणा!

आखातातल्या त्या घरात पहिल्याच दिवशी मॅडमनं माझा पासपोर्ट कपाटात टाकला, फोन काढून घेतला, आणि सुकेळी हुंगून कचऱ्याच्या डब्यात फेकली. एजंटनं सांगितलं होतं, दोन मुलं सांभाळायची. प्रत्यक्षात तीन घरांची लादी, भांडी, कपडे, आणि झोपायच्या खोलीला बाहेरून कुलूप. पगाराचं विचारलं की थप्पड.

महिन्यातून एकदा फोन मिळायचा, तोही मॅडमसमोर. पण खरं सांगते, तिला मराठी कुठे कळत होतं? मी बोलू शकले असते. एकदा मी फोन लावला, त्या दिवशी गावी रोझरीची पाळी आमच्या घरी होती. प्रार्थना संपली होती, आणि आईनं फोन स्पीकरवर टाकून मधोमध ठेवला होता. परदेशातल्या लेकीचा फोन एकटीनं ऐकायची रीत आपल्याकडे आहे कुठे! सगळी आळी कान लावून बसलेली. "सुकेळी खाल्लीस ना?" आईनं विचारलं. "हो, मॅडमला पण आवडली," मी म्हणाले. सगळे हसले. त्यातलं तुझं हसू मी ओळखलं. चारचौघांत आईची मान खाली जाऊ नये, एवढंच माझ्या मनात होतं.

दोन वर्षांनी मी अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांनीच मला विमानात बसवलं. घरी आल्यावर कळलं, माझ्या त्या फोननंतर तू त्याच एजंटबरोबर गेलीस. मी कुणालाच काही बोलले नाही. कॉन्ट्रॅक्ट संपलं, असं सांगितलं आणि नालासोपाऱ्यात भाड्याची खोली घेऊन मॉलमध्ये हाऊसकीपिंगला लागले. तुझ्या आईच्या दारावरून जायची हिंमत नव्हती.

मागच्या रविवारी तीच माझ्याकडे आली, डबाभर सुकेळी घेऊन. चेहरा नुसता फुललेला. "रेजिनाचा फोन आलेला. तिच्या मॅडमला पन सुकेळी आवडली बघ!"

मी डबा खाली ठेवला आणि तिला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही, रडलीही नाही. "तवा का नाय बोललीस गो?" एवढंच म्हणाली. 

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पोलीस ठाण्यात गेलो. तक्रार लिहून घेतलीय. एजंटच्या दाराला कुलूप आहे, आणि तुझा फोन लागत नाही.

मी खोली सोडलीय. आता तुझ्याच घरी राहते, तुझ्या आईजवळ. शेजारच्या माझ्या स्वतःच्या घरात मी जेवायलाही जात नाही. मला आता घर म्हणजे ही तुमची पडवी, जिथे आम्ही फोन मध्ये ठेवून बसतो.

हे तुझ्यापर्यंत कसं पोचेल, ठाऊक नाही. पण फोन मिळालाच तर कर. तुझी आई स्पीकर लावणार नाही, तिनं शपथ घेतलीय. ती विचारेल, सुकेळी खाल्लीस ना? तेव्हा आपल्या बोलीत सांग, रेजिना, की फेकून दिली.