शेहेचाळीस माणसं, पाच जागा

अंबडच्या ज्या कारखान्यात मी हिशेब विभागात काम करतो, तिथे सकाळच्या पाळीसाठी कंपनीची बस असते. पूर्वी दोन बसेस होत्या. एक नाशिकरोडहून निघायची आणि दुसरी पंचवटीकडून. दोन वर्षांपूर्वी खर्च कमी करायचा म्हणून कंपनीने एक बस बंद केली आणि उरलेली कुठून न्यायची ते बस कमिटीने ठरवावं, असं सांगून हात झटकले.

बस कमिटी म्हणजे बसने येणाऱ्यांनी निवडलेली पाच माणसं. मतदान दर वर्षी दिवाळीनंतर. प्रत्येकाने पाच नावांपुढे खुणा करायच्या आणि सर्वांत जास्त खुणा मिळालेले पाच जण निवडून यायचे. पतसंस्थेच्या निवडणुकीत पॅनल चालतं तसंच आमच्याकडेही चालायचं. आम्ही बसने जाणारे शेहेचाळीस. त्यांतले तेहतीस नाशिकरोड आणि त्यापलीकडच्या एकलहऱ्याचे, तेरा पंचवटी आणि म्हसरूळकडचे. तेहतीस जणांनी आपल्याच पाचांपुढे खुणा केल्या की पाचही आमचे. तेरांचा एकही नाही. दर वर्षी असंच व्हायचं आणि त्यात काही गैर आहे असं मलाही वाटत नव्हतं. मी नाशिकरोडचा.

मग कमिटीने ठरवलं तेही उघड होतं. बस नाशिकरोडहून सरळ द्वारका चौकात येईल आणि पंचवटीकरांनी सकाळी सव्वासहाला आपापलं द्वारकेला येऊन उभं राहावं. एकलहऱ्याच्या सहा जणांना तर आधीपासूनच नाशिकरोडपर्यंत आपलं आपण यावं लागायचं, पण मत ते आमच्या पॅनललाच द्यायचे.

ह्या निर्णयाचा खरा फटका बसला तो तपासणी विभागातल्या ताईंना. सगळा कारखाना त्यांना ताईच म्हणतो, साहेब लोकसुद्धा. राहायला म्हसरूळच्या पुढे, दिंडोरी रस्त्याला. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून स्कूटर बंद. यजमान रात्रपाळीचे वॉचमन, घरी यायला आठ वाजतात, त्यामुळे सोडायला कुणी नाही. पहाटे शेअर रिक्षाचा भरवसा नाही आणि रोज स्पेशल रिक्षा करायची तर पगाराचा मोठा तुकडा तिथेच जाणार. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. "संक्रांतीपर्यंत बघते, नाहीतर राजीनामा देते," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. धमकी म्हणून नाही, बाजारात कांदा महाग झाला असं सांगावं तशा सुरात.

आमच्या कमिटीचे पुढारी भाऊ. शीट मेटलला सुपरवायझर, मनाने चांगला माणूस, आवाज मोठा. त्यांना ताईंबद्दल वाईट वाटत होतं. दिवाळीच्या आधी एकदा ते बसमध्ये ताईंच्या सीटपाशी येऊन म्हणाले की कमिटीने विचार केला आहे, दोन महिने बस पंचवटीत निमाणीच्या स्टँडपर्यंत वळवू, ताईंसाठी म्हणून.

ताईंनी नको म्हणून सांगितलं.

"अहो, तुमच्यासाठीच करतोय ना," भाऊ म्हणाले. "लोकांची बोलणी खाऊन करतोय."

"म्हणूनच नको. तुम्ही चांगले आहात म्हणून गाडी येणार. तुम्ही कंटाळलात की गाडी बंद. मला बस नको भाऊ, मला मत पाहिजे."

"मत तर देताच की तुम्ही."

"देते. पाच देते. पाचही वाया जातात."

मग त्यांनी आपलं मागणं सांगितलं. पाच जागा तशाच राहू देत, पण प्रत्येकाने एकाच नावावर खूण करायची. भाऊ हसले. म्हणाले, एक तर एक, आम्ही जास्तच आहोत ना. बसमध्ये सगळ्यांदेखत कबूल केलं.

मतदान घ्यायचं काम हिशेबातला माणूस म्हणून माझ्याकडे असायचं. घरी जाऊन कागदावर मांडून पाहिलं तेव्हा ताईंच्या मागणीतली बारकी गोष्ट लक्षात आली. एक माणूस एक मत असेल तर ज्याला आठ मतं मिळाली तो निवडून येणारच. कारण सहा जणांना प्रत्येकी आठ मिळायची तर अठ्ठेचाळीस मतं लागतील आणि आम्ही आहोत शेहेचाळीस. म्हणजे तेरा जणांची एक जागा पक्की. कुणी मेहेरबानी करायची गरज नाही. इतकी साधी गोष्ट इतकी वर्षं आमच्या डोक्यात आली नव्हती, कारण येण्याची आम्हाला गरज पडली नव्हती.

पुढचे काही दिवस बसमध्ये हाच विषय. देशाच्या निवडणुकीपर्यंत गोष्ट गेली. भाऊंचं म्हणणं असं की मतदारसंघात ज्याला सर्वांत जास्त मतं तो आमदार, हेच बरं. "आपला माणूस कोण ते कळतं. नळाला पाणी नाही तर त्याच्या दारात जाऊन बसता येतं. सगळ्यांना वाटून जागा दिल्या तर कुणाच्या दारात बसायचं? अन् मग पाच जणांची पाच तोंडं. निर्णय कधी व्हायचा?"

हे मला तेव्हाही खोटं वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण ताईंनी जे विचारलं तेही खोटं नव्हतं. निम्म्याहून कमी मतं घेऊन माणूस निवडून येतो, मग उरलेल्या निम्म्याहून जास्त लोकांनी मतं कुठे टाकली म्हणायची? ज्या देशांत मतांच्या प्रमाणात जागा देतात तिथलं मी वाचलं आहे तेवढंच, त्यावर छातीठोकपणे बोलणार नाही. आमच्या बसपुरतं मात्र माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

दिवाळीनंतर कँटीनमध्ये मतदान झालं. नाशिकरोडचे चार उभे होते, पंचवटीकडून दोन, एकलहऱ्याचा एक. चिठ्ठ्या मोजल्यावर मी दोनदा परत मोजल्या. नाशिकरोडच्या सत्तावीस जणांपैकी चौदांनी भाऊंनाच मत दिलं होतं. आदर म्हणून, सवय म्हणून, आणि भाऊंना कमी मतं पडली तर बरं दिसणार नाही म्हणून. त्यामुळे आमच्या बाकीच्या तिघांना सात, चार आणि दोन. ताईंना आठ. पंचवटीच्या दुसऱ्या उमेदवाराला, हिरावाडीच्या फिटरला, पाच. एकलहऱ्याच्या माणसाला त्यांच्या सहाच्या सहा.

म्हणजे निवडून आलेल्या पाचांत नाशिकरोडचे दोनच. पंचवटीचे दोन आणि एकलहऱ्याचा एक. तेरा आणि सहा मिळून एकोणीस लोकांकडे कमिटीचं बहुमत, आणि सत्तावीस जण अल्पमतात. नियमाप्रमाणे मी निकाल वाचून दाखवला. पंचवटीच्या टेबलावर फिटरने पेढे मागवायची भाषा सुरू केली. ताईंची बस आता कुणी अडवू शकत नव्हतं.

ताई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, जरा भागाकार करून सांगा. सत्तावीस माणसांना पाचांत किती जागा यायला हव्यात?"

मी सांगितलं, तीनला अगदी थोडी कमी. पंचवटीला सव्वापेक्षा जास्त, पण दीडच्या आत. एकलहऱ्याला अर्ध्याहून थोडी जास्त. म्हणजे धरून चालायचं तर तीन, एक, एक.

"मग आमची एक जास्त झाली," ताई म्हणाल्या, आणि वळून फिटरला म्हणाल्या की नाव मागे घे, पुढचा चार मतांचा माणूस आत येईल.

फिटर उभाच राहिला. "ताई, ह्यांनी कधी अर्धी तरी जागा सोडली का आपल्याला?"

"नाही सोडली. म्हणून तर मी भांडले. आता चुकून जास्त मिळालं तर गप्प बसू?"

"चूक त्यांची आहे. सगळी मतं एकाच्याच डोक्यावर ओतली."

"असेल. पण माणसं सत्तावीसच आहेत ना."

"अन् तुमची नोकरी?"

"ती आहेच," ताई म्हणाल्या. "एका जागेवर काय होतंय ते बघू."

मी पन्नाशी ओलांडली आहे. मला कमी मिळालं हे सिद्ध करायला आकडे मांडणारी माणसं मी रोज पाहतो. मला जास्त मिळालं म्हणून आकडे मांडणारं माणूस तोपर्यंत पाहिलं नव्हतं. फिटरने कुरकुरत नाव मागे घेतलं. कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. भाऊ मात्र उठून ताईंच्या टेबलावर जाऊन बसले आणि चहा संपेपर्यंत तिथेच राहिले.

नव्या कमिटीची पहिली बैठक लांबली, भाऊ म्हणाले होते तशीच. पूर्वी चहा येण्याआधी निर्णय व्हायचा. आता बसचा ठेकेदार समोर बसलेला, मी खर्चाचे आकडे घेऊन बाजूला, आणि पाच जण तावातावाने बोलत होते. नाशिकरोडच्या तिघांकडे अजूनही बहुमत होतं. हात वर करून ते पुन्हा जुनाच मार्ग कायम करू शकत होते. एकलहऱ्याचा माणूस म्हणत होता की एवढी वर्षं तुम्हाला मत दिलं, बस कधी एकलहऱ्याच्या फाट्याला आली नाही.

ताईंनी ठेकेदाराला एकच विचारलं, मोठ्या बसमध्ये रोज किती सीट रिकाम्या जातात. तो म्हणाला, पाच-सहा तरी. मग लहान गाड्या आहेत का? होत्या. बत्तीस सीटची एक मिनीबस आणि सतरा सीटची एक ट्रॅव्हलर त्याच्या आवारात उभ्या होत्या. मिनीबस एकलहऱ्याहून निघून नाशिकरोडवरून येईल आणि ट्रॅव्हलर म्हसरूळहून. खर्च मी तिथेच काढला. फरक थोडा होता, कंपनी मान्य करील इतका.

आधीच्या पाच जणांनी हे ठेकेदाराला कधी विचारलंच नव्हतं. त्यांत वाईट माणूस एकही नव्हता. पण त्यांच्यातल्या कुणालाच सकाळी द्वारकेला पोचायची अडचण नव्हती, म्हणून प्रश्न निघाला नाही.

नाशिकरोडचे दोघे विरोधात होते. तेहतीस माणसं आणि बत्तीस सीट, पिशव्या ठेवायलाही जागा नाही, हा त्यांचा आक्षेप खराच होता. ताई आणि एकलहऱ्याचा माणूस बाजूने. राहिले भाऊ. त्यांनी खिशातून चष्मा काढून माझा कागद पुन्हा वाचला.

"तेहतीसपैकी एखादा तर रोज रजेवर असतोच," ते म्हणाले. "अन् द्वारकेला ह्यांची वाट बघत थांबायचं वाचतंय. मी काय तुमच्या बाजूने नाय ताई. वेळ वाचते म्हणून हात वर करतोय."

"कशासाठीही करा," ताई म्हणाल्या.

संक्रांतीच्या आधीच ट्रॅव्हलर सुरू झाली. ताईंनी पुन्हा राजीनाम्याचा शब्द काढला नाही. निवृत्तीला आता एकच वर्ष राहिलं आहे. यंदाच्या मतदानात नाशिकरोडकरांनी घरी बसून मतं नीट वाटून घेतली आणि तीन जागा आपल्या बळावर आणल्या. नियम मात्र कुणी बदलायचं नाव काढलं नाही.

माझं एक नुकसान झालं. बसमध्ये ताई असायच्या तोवर द्वारका ते अंबड वाद ऐकायला मिळायचा. आता आमच्या गाडीत सगळे नाशिकरोड-एकलहऱ्याचे, बहुतेक जण मोबाईल बघत बसतात. ताईंची गाडी आमच्या आधी पोचते. परवा आम्ही उतरत होतो तेव्हा ताई फाटकाजवळ उभ्या होत्या. भाऊ घाईघाईने कार्ड शोधत पुढे निघाले तर त्या म्हणाल्या, "काय भाऊ, तीन जागा घेऊनही उशीरच?"

"एक द्या अजून," भाऊ म्हणाले, "मग वेळेवर येतो."

"भागाकारात बसत नाही," म्हणत ताई आत गेल्या.