पंप आमचा होता

दवाखान्यात बाबांच्या सलाईनला लावलेलं छोटं यंत्र टिकटिकलं आणि दिग्रसच्या शाळेतला तो सत्कार आठवला. हे यंत्र शोधून अमेरिकेत नाव काढलेला इंजिनिअर माझा वर्गमित्र; सत्कार त्याचाच होता. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, म्हणून बाबांना घेऊन ऐटीत पहिल्या रांगेत बसलो होतो. तो बाबांकडे हात करून माइकवर म्हणाला, "सुटीत मी या काकांच्या वावरात जायचो. फवारणी पंपाची तोटी बिघडली की काका रबरी नळी बोटांनी दाबून धार कमी-जास्त करायचे. माझं यंत्र तेच करतं." टाळ्या थांबेचनात. बाबा माझ्या कानाशी वाकले. "पंप आपला, वावर आपलं. मंग तू काय पाहून राह्यलता बा?" त्या सुट्यांत मी त्याच पंपात पाणी भरत होतो. आज नर्स यंत्राचं कौतुक करत होती. मी तिला एवढंच म्हटलं, "पंप आमचा होता."