बिनपावाचा बर्गर आणि छत्तीस पाव

गेल्या वर्षी दिवाळीनंतरचा दुसरा रविवार, सकाळचे साडेनऊ. आईची उपाशीपोटी साखर २६२. हजर: मी, माझा धाकटा भाऊ शिवराज, त्याची बायको संगीता आणि लातूरजवळच्या मुरुडमधल्या आमच्या गल्लीतल्या सात-आठ बायका. आई गाडीत बसत होती. तिच्या उजव्या पायाच्या करंगळीला फडकं गुंडाळलेलं होतं. नवी चप्पल चावली, जखम झाली आणि दीड महिन्यात ती भरण्याऐवजी वाढली. लातूरच्या डॉक्टरांनी साखर पाहिली आणि म्हणाले, मोठ्या मुलाकडे ठेवा, पथ्य सांभाळा.

शेजारच्या काकूंनी खिडकीतून आत डोकं घातलं. "आक्का, नांदेडला जाऊन आम्हाला इसरू नका."

आई म्हणाली, "इसरायला मी काय नांदायला चाललेय का? बोट बरं झालं की वापस."

मुरुड ते नांदेड पावणेदोनशे किलोमीटर. चोवीस वर्षांपूर्वी मी हेच अंतर एसटीने गेलो होतो. तेव्हा आई फाटकात उभी होती आणि मी खिडकीत. या वेळी आम्ही दोघेही गाडीत, म्हणून निरोप द्यायला मागे आपलं कोण उरलं हे मला पटकन कळेना. नांदेडजवळच्या लोह्यापर्यंत आई गप्प होती. मग म्हणाली, "तू एवढ्या लांब ऱ्हातूस व्हय रं मन्मथा. मला वाटायचं जवळच हाय."

मुरुडला राहिलेले लोक फोन करून विचारतात, आक्कांचं नेमकं काय झालं होतं. माझ्यासारखे बाहेर पडलेलेही विचारतात, कारण त्यांच्याही आया आता येऊन-जाऊन असतात. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतो. यात माझी एक चूक आहे, तीही लिहितो.

नांदेडच्या डॉक्टरांनी जखम पाहिली, गोळ्या बदलल्या आणि स्पष्ट सांगितलं, "सहा आठवडे बघू. साखर उतरली नाही तर करंगळी काढावी लागेल." आईला ते कळलं होतं. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "एक बोट गेलं की दुसऱ्याची पाळी असती. आपल्या गल्लीत बघितलंय मी."

आमच्या घरी तेव्हा शनिवारी बाहेरून बर्गर यायचे. माझी मुलगी ऋतुजा कॉलेजात आहे, तिची ती सवय, आणि मग आमचीही. आई आल्यावर ऋतुजाच म्हणाली, "बाबा, बाहेरचं बंद. मी घरी बिनपावाचा बर्गर करते. आज्जीला पण चालेल." तिने मोबाईलवर पाहिलं होतं. पावाच्या ऐवजी खाली भाजीपाला, वर टिक्की, सगळं एका वाडग्यात. मूळ कृतीत मांस असतं. आमच्या घरात ते चालत नाही, म्हणून टिक्की हरभऱ्याची आणि सोयाबीनच्या वड्यांची.

मी एका बियाण्याच्या गोदामात स्टॉक पाहतो. मोजल्याशिवाय माझ्या हातून काही होत नाही. मी किचनचा छोटा वजनकाटा आणला आणि आईच्या वाडग्याचं प्रमाण ठरवलं. बारीक चिरलेला पत्ताकोबी ६० ग्रॅम, काकडी ५०, टोमॅटो ४०, कांदा २०. टिक्क्या दोन, प्रत्येकी ४५. पनीर २५. मेयोनीजच्या जागी फडक्यात टांगून पाणी काढलेलं दही ३० आणि त्यात कारळाची चटणी ५. एकूण ३२० ग्रॅम. हरभरे रात्री भिजवायचे, सकाळी शिजवून भरड वाटायचे, वड्या गरम पाण्यातून घट्ट पिळून घ्यायच्या, त्यात लसूण, जिरे, मिरची, कोथिंबीर आणि मिश्रण सुटू नये म्हणून दोन चमचे ज्वारीचं पीठ. तव्यावर एक चमचा तेलात दोन्ही बाजूंनी. वड्या नीट पिळल्या नाहीत तर टिक्की तव्यावर मोडते, हे आम्ही पहिल्याच शनिवारी शिकलो.

कारळाची चटणी ही आईची भर. ऋतुजाचा पांढरा सॉस चाखून ती म्हणाली होती, "ह्याला काई चवच न्हाई. आजाऱ्याला देतेत तसलं हाय."

"आज्जी, तू आजारीच आहेस."

"बोट आजारी हाय. तोंड न्हाई."

त्या पहिल्या दिवशी आईने वाडगा रिकामा केला, त्यात पाणी ओतलं, बोटाने खळबळलं आणि पिऊन टाकलं. ऋतुजा बघतच राहिली. "आज्जी, कोबीचं पाणी पितेस?" आई म्हणाली, "प्रसाद हाय त्यो. ताटाला लागलेलं बी टाकायचं नसतं." आमच्याकडे ही जुनी रीत आहे. जुनी माणसं गळ्यातल्या लिंगाची पूजा करून जेवतात, आणि पुढ्यात आलेलं सगळं मग प्रसाद होतं. कण ठेवायचा नाही, ताट धुऊन ते पाणी प्यायचं. मीही लहानपणी प्यायचो. नांदेडला आल्यावर केव्हा सुटलं, आठवत नाही.

आठवड्यातून तीन रात्री वाडगा व्हायचा. बाकी दिवशी आईला एक ज्वारीची भाकरी, भाजी, वरण. सगळं वहीत. दोन आठवड्यांनी साखर २४८. मी म्हटलं, उतरतेय. चार आठवड्यांनी २५५.

डॉक्टरांनी वही पाहिली. "लिहिलंय ते खरंच खातात का?"

मला राग आला. म्हणालो, "साहेब, मी स्वतः वजन करतो."

ते म्हणाले, "मग दोन आठवड्यांनी सर्जनला भेटायची तयारी ठेवा."

घरी येताना आई रिक्षात पाय वर घेऊन बसली होती. ती मला समजावत होती, "जाऊ दे रं. तू लई केलंस." मला ते डॉक्टरांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी सकाळी घरी होतो. आईची पूजा झाली, कपाळावर विभूती ओली होती. तिने बिनसाखरेचा चहा घेतला, फडताळातला डबा काढला आणि त्यातून तीन पाव काढून चहात बुडवून खायला लागली. शांतपणे, माझ्यासमोर.

मी ओरडलोच. "आई, हे काय करायलीस?"

"काय म्हंजे? पाव खायलेय."

"कधीपासून?"

"आल्यापासून. तुमचे उरतेत की."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. वाडगा बिनपावाचा होता, पण तो आईचा आणि ऋतुजाचा. मला टिक्की पावाशिवाय जाईना. म्हणून दर वेळी मी बेकरीतून सहाची लादी आणत होतो. दोन मी खायचो, एक माझी बायको शैला खायची. तीन उरायचे. आठवड्याला नऊ. चार आठवड्यांचे छत्तीस. आईच्या वाडग्यात काय जातं ते मी ग्रॅमवर मोजलं होतं. माझ्या ताटातून काय उरतं ते एकदाही मोजलं नव्हतं.

"आई, लपवून का खाल्लेस?"

"लपवून?" ती खरंच चिडली. "डबा का कुलपात ठेवलाय? तू इचारलं न्हाईस. उरलेलं टाकायचं का मग? तुझ्या बापानं दुकानात सांडलेले गहू येचून घेतले आन् तू पाव टाकणार?"

शैला ओट्यापाशी उभी होती. ती नायगावची, तिचं बोलणं सरळ. "अहो, त्यांना काय बोलायलात? लादी कोण आणायलंय?"

 

पाव मी त्या दिवसापासून सोडला. पण तेवढ्याने भागणार नव्हतं, हे शैलाने सांगितलं. पाव नसले तर उरलेला भात, उरलेली पोळी, कुणी टाकलेला बटाटा. आई सगळ्यांच्या नंतर जेवायची, आणि नंतर जेवणाऱ्या बाईच्या ताटात पातेल्यातलं उरलेलं सगळं येतं. मोजलेलं तर येतंच, वर उरलेलंही येतं. पन्नास वर्षं ती असंच जेवत आली होती. मुरुडला मी सुट्टीला जायचो तेव्हा मला पाटावर बसवून गरम भाकरी वाढायची. मी जेवून ओसरीवर जायचो. आत ती काय जेवते, हे मी कधी पाहिलं नव्हतं. घर सोडून चोवीस वर्षं तिच्या हातच्या भाकरीची आठवण काढली, पण तिच्या ताटात काय असायचं ते मला सांगता येणार नाही.

मी म्हटलं, आजपासून आई सगळ्यांच्या आधी जेवेल.

आईने तोंडाला पदर लावला. हसत होती. आमच्यात पूजा सांगायला येणाऱ्या जंगमाला सगळ्यांच्या आधी वाढतात. "मी काय जंगम हाय का, आधी जेवायला?"

"हाव. जंगमच समज."

"मग दक्षिणा काढ."

दोन दिवस ती आधी जेवली. अवघडून, पाहुण्याच्या घरी बसल्यासारखी. तिसऱ्या दिवशी तिने हात आवरला आणि शैलाकडे बघितलं. "मी पुढं आले, तवा शेवटी कोण गेलं? ही गेली. मग काय फायदा झाला रं? उद्या हिचं बोट."

मी शैलाचा चेहरा पाहिला. आमच्या लग्नाला एकवीस वर्षं झालीत.

त्यावर उपाय वाडग्यातच निघाला. भाकरी-पोळीच्या जेवणात एकीला तव्यापाशी उभं राहावं लागतं, कारण प्रत्येकाला गरम हवी. वाडग्यासाठी कुणाला उभं राहावं लागत नाही. टिक्क्या आधी भाजून ठेवायच्या, चारही वाडगे ओट्यावर मापाने भरायचे, पातेल्यात काही ठेवायचंच नाही, आणि चौघांनी एकदम बसायचं. मग तीनाचे पाच दिवस झाले. उरलेल्या दोन दिवशी भाकऱ्या आधी करून दुरडीत झाकून ठेवायच्या. पहिल्यांदा सगळे एकदम बसलो तेव्हा आई दोनदा उठायला गेली. काय आणायचं राहिलं, हे तिला आठवेना, कारण काहीच राहिलं नव्हतं. ऋतुजाने तिचा हात धरून खाली बसवलं.

सहाव्या आठवड्याला साखर १७१. डॉक्टरांनी वही न बघता विचारलं, "काय बदललं?" मी खरं ते सांगितलं. ते म्हणाले, "महिनाभर अजून थांबू." महिन्याने १२६. जखमेच्या कडा आत येत गेल्या आणि संक्रांतीनंतर करंगळीवर गुलाबी, पातळ कातडी धरली. सर्जनकडे जावं लागलं नाही. आईने त्या बोटाकडे बघून हात जोडले आणि लगेच विचारलं, "शिवराजला फोन लावलास का? गाडी घेऊन ये म्हणावं."

मला वाटलं होतं, राहील. खोली, खाट, गोळ्यांचा डबा, सगळं बसलं होतं. मी तसं म्हणालोही. ती म्हणाली, "तुझं घर हितं हाय. तू केलंस तेवढं बरं केलंस. माझं तिकडं हाय, तिथलं मला करायचंय." तिथलं काय करायचंय, ते मला तेव्हा कळलं नाही.

गेल्या महिन्यात मी मुरुडला गेलो. रात्री जेवायला आईने वाडगेच केले होते, पितळी, वेगवेगळ्या मापांचे. वजनकाटा नव्हता. कारळाची चटणी पाच ग्रॅमपेक्षा बरीच जास्त होती. शिवराजला भाकरीशिवाय जमत नाही, म्हणून सोबत भाकऱ्या होत्या, आधी करून ठेवलेल्या. तो बसला, भाकरीला हात लावला आणि संगीताला म्हणाला, "गार झाल्यात. एक गरम टाक की."

संगीता उठायला लागली. आई म्हणाली, "तू बस."

"मग गार खायची का मी?" शिवराज म्हणाला.

"तुझी बायको बारा वर्षं गारच खायलीय. मी पन्नास वर्षं खाल्ली. कवा इचारलंस?"

शिवराजने माझ्याकडे पाहिलं. मी त्याचा मोठा भाऊ, मदत करीन असं त्याला वाटलं असावं. मी माझा वाडगा खाली ठेवला नाही.

पूर्वी कुणी विचारलं, घर कुठलं, तर मी म्हणायचो मुरुड. नंतर नांदेड म्हणू लागलो, तेही थोडं चाचरत. आता मला दोन्ही म्हणता येतं. त्या रात्री मी मुरुडच्या त्या खोलीत माणसं मोजली. आम्ही चौघं होतो. चौघंही बसलेले होते, आणि गॅस बंद होता.

जेवण झाल्यावर दुरडीत एक भाकरी उरली. ती शिवराजने खाल्ली.